वर्दी, खुर्ची आणि पोच

समजा, इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत संदीप नावाचा हिशेबनीस आहे. वय ३१. वर्षाचे बहुतेक महिने तो व्हाउचर, बिलं आणि जीएसटीच्या तारखांशी झटतो. पण कोल्हापूरच्या टेंबलाई टेकडीवरच्या टीए बटालियनमध्ये तो जवानही आहे. वर्षातून एकदा कॅम्पला जातो, केस बारीक कापून आणि रापून परत येतो. गिरणीत त्याला चेष्टेनं 'फौजी' म्हणतात. एका सकाळी युनिटकडून आदेश येतो. या वेळी हा नेहमीचा कॅम्प नाही. बटालियन प्रत्यक्ष सेवेसाठी बोलावली आहे, मुक्काम किती लांबेल ते सांगता येत नाही.

संदीप आदेशाची प्रत घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये जातो. मॅनेजर माणूस वाईट नाही. "जा बाबा, देशाचं काम आहे," तो म्हणतो. मग चष्मा काढून विचारतो, "पण मार्चअखेरचं काय? तुझ्या जागी कुणाला घेतलं, तर तू आल्यावर त्याला काय सांगू?"

संदीप आपण उदाहरणापुरता उभा केला आहे, पण मॅनेजरचा प्रश्न अगदी खरा आहे. माणूस वर्दी चढवून गेला की त्याची खुर्ची कुणाची? आपल्या कायद्यात याचं उत्तर आहे. ते फार जणांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांनाही अर्धंच माहीत असतं. म्हणून ते पायरी पायरीनं पाहू.

टीए म्हणजे नेमकं काय

प्रादेशिक सेना, म्हणजे बोलीभाषेतली टीए, हा भारतीय सैन्याचाच भाग आहे. प्रादेशिक सेना कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचं उद्घाटन झालं, आणि अजूनही ९ ऑक्टोबर हा टीए दिन म्हणून पाळला जातो. 'सावधानी व शूरता' हे तिचं ब्रीद. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांच्या वेळी टीएची युनिट्स बोलावली गेली. महाराष्ट्रात मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेल्या बटालियन पुण्यात (१०१) आणि कोल्हापुरात (१०९) आहेत. छत्रपती संभाजीनगरला २०१७ मध्ये महार रेजिमेंटशी जोडलेली १३६ क्रमांकाची पर्यावरण बटालियन उभी राहिली. उजाड जमिनीवर झाडं लावणं आणि ती जगवणं हेच तिचं काम.

नियमित फौजेपेक्षा टीए वेगळी कुठे आहे, तर तिच्या मूळ अटीत. टीए हे पोट भरण्याचं साधन नाही, असं ती स्वतःच सांगते. अधिकारी म्हणून यायचं तर वय १८ ते ४२ च्या दरम्यान, पदवी आणि आधीपासूनचा कमाईचा उद्योग लागतो. तुमचं घर चालवणारी नोकरी किंवा धंदा असावा आणि फौज त्याच्या जोडीला असावी, अशी ही रचना आहे. मग एक गोष्ट ओघानंच येते. नोकरी असल्याशिवाय तुला घेणार नाही, असं सरकार म्हणत असेल, तर बोलावल्यामुळे ती नोकरी जाणार नाही हेही सरकारलाच पाहावं लागतं. नाहीतर पुढच्या वर्षी भरतीच्या रांगेत कुणी उभं राहणार नाही.

बोलावणं आलं म्हणजे काय होतं

कायद्याच्या कलम ७ नुसार टीएच्या माणसाला तीन प्रकारे सेवेत घेतलं जातं. पहिला, मुलकी प्रशासनाच्या मदतीसाठी किंवा महत्त्वाच्या ठिकाणांच्या पहाऱ्यासाठी. दुसरा, प्रशिक्षणासाठी किंवा नियमित फौजेला जोड म्हणून. तिसरा, स्वतःच्या विनंतीवरून नियमित फौजेशी जोडून घेऊन. दुसऱ्या प्रकाराला जवान 'एम्बॉडी होणं' म्हणतात, आणि सुटका झाली की 'डिसएम्बॉडी'. हे दोन इंग्रजी शब्द टीएत इतके रुळलेत की त्यांना मराठी पर्याय सुचवला तर युनिटातला क्लार्कही गोंधळेल.

एम्बॉडी झालेला माणूस त्या काळात १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टखाली येतो. "गिरणीत मार्चअखेर आहे, मी एप्रिलमध्ये येतो" असं म्हणायची त्याला सोय नाही. पुढचं सगळं कळायला हा मुद्दा पक्का ध्यानात हवा. संदीप रजेवर जात नाही. गैरहजर राहायचा निर्णय त्याचा नाही, कायद्याचा आहे.

हे सगळं कागदापुरतं नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं टीए नियमावलीच्या नियम ३३ खाली लष्करप्रमुखांना टीएचे अधिकारी आणि जवान बोलावण्याचे अधिकार दिले. त्या वेळच्या ३२ पायदळ बटालियनपैकी १४ बटालियन निरनिराळ्या कमांडच्या क्षेत्रांत तैनात करायला त्या आदेशानं मंजुरी मिळाली, आणि त्याची मुदत १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८ अशी तीन वर्षांची ठेवली. तीन वर्षं म्हणजे कॅम्प नव्हे. तेवढ्या काळात एखाद्या कार्यालयात साहेब बदलतात, संगणकप्रणाली बदलते आणि संदीपच्या टेबलावर दुसऱ्याच कुणाचा तरी डबा असतो.

सरकारी नोकरांसाठी एक फारशी चर्चेत नसलेली तरतूदही आहे. कलम ६-अ प्रमाणे सरकारी सेवेतल्या किंवा सार्वजनिक उपयोगितेच्या सेवेतल्या २० ते ४० वयाच्या माणसाला, नियमांच्या चौकटीत, गरज पडल्यास टीएत सेवा करायला सांगता येतं. रेल्वे आणि तेल कंपन्यांशी जोडलेली जी खात्यांची युनिट्स आहेत, त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे. संकटाच्या वेळी गाड्या आणि तेलाच्या वाहिन्या चालत्या ठेवायच्या, त्याही ज्यांना ते काम येतं त्यांच्याच हातून.

कलम ७-अ: खुर्ची राखणारं कलम

आता मॅनेजरच्या प्रश्नाकडे येऊ. कलम ७-अ चं सांगणं थोडक्यात असं: लष्करी सेवेसाठी बोलावलेला माणूस ज्या मालकाकडे नोकरीला होता, त्या मालकानं सेवा संपल्यावर त्याला कामावर परत घेतलंच पाहिजे. तेही कसंबसं नाही. नोकरीत खंड पडला नसता तर त्याला ज्या अटी लागू झाल्या असत्या, त्यांपेक्षा कमी नसलेल्या अटींवर.

'खंड पडला नसता तर' या शब्दांत बरंच काही सामावलं आहे. समजा, संदीप ऑगस्टमध्ये गेला तेव्हा त्याचा पगार २८,००० रुपये होता. जानेवारीत गिरणीत वेतनकरार झाला आणि त्याच्या श्रेणीतल्या सगळ्यांना ३,००० रुपये वाढ मिळाली. पुढच्या वर्षी तो परत आला, तर त्याचा हक्क २८,००० वर नाही, ३१,००० वर आहे, कारण तो टेबलावर असता तर ती वाढ त्यालाही मिळाली असती. कायदा त्याला गेल्या दिवसाच्या जागी परत ठेवत नाही, तो आज जिथे असता तिथे ठेवतो.

मालकालाही अडचण असू शकते. विभागच बंद पडला, गिरणी अर्ध्या क्षमतेनं चालते, किंवा मुळात दुकानच तीन माणसांचं आहे. अशा वेळी मालक नकार देऊ शकतो, आपली जबाबदारीच नाही असं म्हणू शकतो, किंवा परत घेणं व्यवहार्य नाही असं मांडू शकतो. मग दोघांपैकी कुणीही हे प्रकरण सरकारनं नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे नेऊ शकतो. प्राधिकारी दोन्ही बाजू ऐकतो, चौकशी करतो आणि तीनपैकी एक आदेश देतो.

एक, मालकाला या जबाबदारीतून मोकळं करणं. दोन, प्राधिकाऱ्याला योग्य वाटतील त्या अटींवर माणसाला परत घ्यायला लावणं. तीन, परत घेत नसाल किंवा घेता येत नसेल, तर भरपाई द्यायला लावणं. भरपाईची कमाल मर्यादा सहा महिन्यांचा पगार, आणि तोही मालकाकडून मिळणाऱ्या शेवटच्या पगाराच्या दरानं. संदीपच्या बाबतीत २८,००० गुणिले ६, म्हणजे जास्तीत जास्त १,६८,००० रुपये.

आदेशच धुडकावला, तर मालकाला दंड होतो. तो किती? एक हजार रुपयांपर्यंत. आज एवढ्या रकमेत स्टेशनरीची महिन्याची खरेदीही होत नाही. पण दंडाचा आकडा पाहून कलम सोडून देऊ नका. याच पोटकलमात पुढे म्हटलं आहे की मालक दोषी ठरला आणि प्राधिकाऱ्यानं आधी भरपाई लावलेली नसली, तर न्यायालयानं सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम द्यायला लावायचीच, आणि ती दंडासारखी वसूल करायची. हजार रुपये नावापुरते. खरा दाब या रकमेचा.

दोन महिन्यांचं घड्याळ

इथवर सगळं संदीपच्या बाजूचं होतं. पुढची ओळ वाचली नाही तर मात्र ते सगळं वाया जातं. सेवा संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत संदीपनं परत घेण्यासाठी अर्ज केला नव्हता, एवढं मालकानं सिद्ध केलं की त्याचा बचाव उभा राहतो.

दोन महिने ऐकायला भरपूर वाटतात. पण डिसएम्बॉडी होऊन घरी आलेल्या माणसाचं काय होतं ते पाहा. पहिला आठवडा नातेवाइकांचा. मग आईचं डोळ्याचं ऑपरेशन, जे तो यायची वाट पाहत थांबलेलं असतं. मग गिरणीत एक चक्कर, चहा, जुन्या सहकाऱ्यांच्या गप्पा. मॅनेजर म्हणतो, "बघू, पुढच्या महिन्यात बसवतो तुला." संदीप निश्चिंत होतो. पुढच्या महिन्यात ऑडिट असतं. मग नवीन संचालक येतात. 'बघू' हा शब्द कॅलेंडर खात राहतो आणि कागदावर काहीच नसतं.

म्हणून अर्ज लेखीच करायचा. त्याला भाषेचा फुलोरा लागत नाही. नाव, हुद्दा, विभाग, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत सेवेत होतो, आदेशाचा संदर्भ, आणि 'प्रादेशिक सेना कायद्याच्या कलम ७-अ प्रमाणे मला पूर्ववत कामावर घ्यावे ही विनंती' एवढं पुरे. सोबत सुटकेच्या आदेशाची प्रत. दोन प्रती काढायच्या. एक आवक-जावकच्या टेबलावर द्यायची आणि दुसरीवर तारखेसह आवक शिक्का आणि सही घ्यायची. 'पोच' म्हणतात ती हीच. शिक्का मारायला कुणी नाही म्हटलं, तर अर्ज स्पीड पोस्टानं पाठवायचा आणि पोचपावती जपून ठेवायची. १५ मार्चला सुटका झाली असेल, तर १५ मे ही तारीख डोळ्यांसमोर ठेवून अर्ज मार्चमध्येच टाकलेला बरा.

जाण्याआधीच काढून टाकलं तर?

काही मालक चतुर असतात. आदेश आल्याची कुणकुण लागली की ते आधीच हिशेब चुकता करतात. माणूस सेवेत गेला तेव्हा तो आपल्याकडे नोकरीला नव्हताच, म्हणून परत घेण्याचा प्रश्नच नाही, असा हा डाव.

कायद्यानं ही पळवाट बंद केली आहे. परत घेण्याची जबाबदारी टाळण्याच्या हेतूनं कामावरून काढलं असं परिस्थितीवरून दिसत असेल, तर जबाबदारी मालकाला चिकटूनच राहते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, बोलावण्याचा आदेश निघाल्यानंतर काढलं असेल, तर हेतू टाळण्याचाच होता असं गृहीत धरलं जातं. तसं नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं मालकावर.

एरवी मालकाचा असा हेतू होता हे कामगारालाच सिद्ध करावं लागतं. इथे ते उलट आहे, आणि उलटण्याचा क्षण म्हणजे आदेशाची तारीख. म्हणून आदेश हातात पडला की संदीपनं त्याची प्रत त्याच दिवशी गिरणीत लेखी द्यावी आणि तिचीही पोच घ्यावी. केबिनमधल्या चहावरच्या बोलण्याला उद्या साक्षीदार मिळत नाही.

पीएफ आणि बाकीचं

माणूस वर्षभर दूर असताना भविष्य निर्वाह निधीचं काय? कलम ७-ब म्हणतं, नोकरीशी जोडलेल्या भविष्य निर्वाह निधीत, निवृत्तिवेतन निधीत किंवा कर्मचाऱ्यांच्या हिताच्या इतर योजनेत त्याचे जे हक्क असतील, ते लष्करी सेवेच्या काळात आणि परत घेतलं जाईपर्यंत नियमांनी ठरवलेल्या स्वरूपात चालू राहतात. कार्यालयानं खातं बंद करून पैसे परत देण्याची घाई केली, तर ती नाकारावी. हातात आलेले पैसे दिसतात. तुटलेला सभासदत्वाचा काळ दिसत नाही, तो निवृत्तीच्या वेळी कळतो.

सरकारी कर्मचाऱ्याची सोय थोडी वेगळी. त्याला टीएत येतानाच खात्याचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे त्याच्या कार्यालयाला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक असतं. खासगी नोकरीतल्या माणसानं हा मोकळेपणा स्वतःहून आणावा. नोकरी धरतानाच टीएचा उल्लेख लेखी करावा, आणि वर्षाच्या कॅम्पची तारीख कळताच ती कळवून रजेचा प्रकार आधीच ठरवून घ्यावा.

अमेरिकेत हेच कसं चालतं

आपलं कलम किती थोडक्यात आहे हे कळायला अमेरिकेच्या कायद्याकडे पाहावं. तिथले राखीव सैनिक आणि नॅशनल गार्डचे जवानही दुहेरी आयुष्य जगतात. महिन्यातला एक शनिवार-रविवार आणि वर्षातले दोनेक आठवडे हा त्यांच्या सरावाचा ठरलेला साचा. त्यांच्यासाठी १९९४ चा एक सविस्तर कायदा आहे, इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'युसेरा' म्हणतात.

तिथे मुदती सेवेच्या लांबीप्रमाणे बदलतात. सेवा ३० दिवसांपर्यंतची असेल, तर घरी सुखरूप पोचून आठ तास विश्रांती झाल्यावर जी पुढची पाळी येईल तिला हजर व्हायचं. ३१ ते १८० दिवसांच्या सेवेनंतर अर्जाला १४ दिवस. त्याहून जास्त असेल तर ९० दिवस. एका मालकाकडे असताना अशा गैरहजेरीची एकूण मर्यादा सर्वसाधारणपणे पाच वर्षं, आणि बऱ्याच प्रकारची सेवा त्यात धरलीच जात नाही.

आपल्या 'खंड पडला नसता तर' या शब्दांना तिथे एक बोलकी उपमा आहे, सरकत्या जिन्याची. १९४६ मध्ये फिशगोल्ड खटल्यात त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की परत आलेला सैनिक सरकत्या जिन्यावर जिथे उतरला त्या पायरीवर परत येत नाही. तो उतरलाच नसता तर आज ज्या पायरीवर असता, तिथे येतो. जिना वर जातो तसा खालीही जाऊ शकतो. सगळ्यांची कपात झाली असती तर त्याचीही झाली असती.

पण खरा फरक पुढे आहे. आपलं कलम परत घेईपर्यंत सोबत करतं. युसेरा परत घेतल्यानंतरही सोडत नाही. १८० दिवसांहून जास्त सेवा करून आलेल्याला पुढचं एक वर्ष, आणि ३१ ते १८० दिवसांच्या सेवेनंतर १८० दिवस, सबळ कारणाशिवाय काढता येत नाही. राखीव सैनिक आहे म्हणून भरती नाकारणं, बढती अडवणं हेही बेकायदा आहे. २०११ च्या स्टॉब विरुद्ध प्रॉक्टर हॉस्पिटल या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. काढण्याच्या पत्रावर सही करणाऱ्याच्या मनात आकस नसेल. पण खालच्या पर्यवेक्षकांनी लष्करी कर्तव्याच्या रागातून कागद रंगवले आणि त्यातून नोकरी गेली, तर मालक जबाबदार ठरू शकतो, असं त्यानं म्हटलं. २०२२ मध्ये टोरेस खटल्यात राज्य सरकारांवरही या कायद्याखाली दावा करता येतो, असं ठरलं.

कचेरीत दिवस काढलेल्याला स्टॉब खटला समजावून सांगावा लागत नाही. नोकरी क्वचितच एका फटक्यात जाते. "याचा कॅम्प नेमका दिवाळीतच असतो" या कुरकुरीपासून सुरुवात होते, मग गोपनीय अहवालात एखादा शेरा येतो, मग बढतीच्या यादीतून नाव हळूच गळतं. आपल्या कायद्यात या मधल्या पायऱ्यांबद्दल टीएच्या माणसासाठी वेगळं कलम नाही. दार बंद केलं तर कायदा येतो. दाराआड कोपऱ्यात बसवून ठेवलं तर संदीपला 'कमी नसलेल्या अटी' या शब्दांवर आणि आपल्या कागदांवर लढावं लागतं.

फाइलमध्ये काय असावं

म्हणून संदीपसारख्यानं एक साधी फाइल ठेवावी. जाण्याआधीची शेवटची पगारपावती, कारण भरपाईचा हिशेब तिच्यावरूनच होतो. नेमणुकीचं आणि श्रेणीचं पत्र. बोलावण्याचा आदेश आणि तो कार्यालयात दिल्याची पोच. गेल्यानंतर झालेल्या वेतनकराराची प्रत. ती एखादा सहकारी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू शकतो. पीएफच्या पासबुकाची जाण्याच्या दिवशीची आणि येण्याच्या दिवशीची नोंद. सुटकेचा आदेश. आणि सगळ्यांत वर, परत घेण्याचा अर्ज, आवक शिक्क्यासह.

मॅनेजरसाठीही उत्तर याच फाइलमध्ये आहे. संदीपच्या जागी माणूस घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. फक्त त्याच्या नेमणुकीच्या पत्रात ही जागा तात्पुरती आहे असं स्वच्छ लिहावं. म्हणजे संदीप आल्यावर त्या माणसाला काय सांगायचं, हा प्रश्न तो रुजू होण्याआधीच सुटलेला असतो.

युनिटमधून निघताना संदीपला आपली रायफल कोतात, म्हणजे शस्त्रागारात, जमा करावी लागते. ती जमा केल्याची नोंद झाल्याशिवाय तो हलत नाही, कारण नोंद नसेल तर काय होतं हे त्याला पहिल्याच कॅम्पात शिकवलेलं असतं. गिरणीच्या आवक-जावक टेबलासमोरही त्यानं तसंच उभं राहावं, शिक्का उमटेपर्यंत.